घर बदलले, बंदुकीचा पत्ता मात्र जुनाच

आपल्या समाजात बंदूक बाळगणारी घरे थोडी. तरीही हा विषय या पानावर घ्यावा असे आम्हांस वाटले, कारण जी थोडी घरे आहेत ती बहुतेक जुनी आहेत, आणि जुनी घरे आता एकामागून एक बंद होत आहेत. शामारेल, कास्कावेल या बाजूला ज्यांचे वाडवडील राहिले त्यांना 'लाशास' म्हणजे काय हे सांगावयास नको. डच लोकांनी 1639 साली जावाहून हरणे आणून या बेटावर सोडली, ती येथे रुजली, आणि पुढे हरणांची शिकार हा मोठ्या जमीनदारांचा हिवाळ्यातला सोहळा होऊन बसला. गावची माणसे हाकारे म्हणून जात, राखणदार म्हणून राहत. त्यांतल्याच कोणी पुढे स्वतःच्या उसाच्या तुकड्याचे माकडांपासून रक्षण करावे म्हणून, कोणी नुसत्या हौसेने, रीतसर परवाना काढून बंदूक घेतली. त्यात गैर काही नव्हते.

आता मुले वाक्वा, कात्र-बोर्नकडच्या मोर्सेलमांत घरे बांधून राहतात आणि म्हातारपणी वडीलही त्यांच्याकडे जातात. सामान हलते. देव आधी जातात, मुहूर्त पाहून, कोणाच्या तरी मांडीवर बसून. मग भांडीकुंडी, कपाटे, टेलिव्हिजन. बंदुकीचे काय करावे हे मात्र कोणी बोलत नाही. ती चादरीत गुंडाळून थोरल्या भावाच्या कपाटामागे उभी राहते, नाहीतर रात्री मोटारीत घालून नव्या घरी आणली जाते आणि पलंगाखाली सरकवली जाते. परवान्यावर मात्र जुन्या गावचेच नाव राहते. विजेचे बिल, पाण्याचे बिल, बँक, मुलांची शाळा, सगळीकडचा पत्ता महिन्याभरात बदलतो. हा एक कागद तेवढा वर्षानुवर्षे तसाच.

आळस हे एक कारण आहेच. पण आम्हांला वाटते, दुसरे कारण त्याहून खोल आहे. पोलीस ठाण्यात जाऊन 'मी आता येथे राहत नाही, तेथे राहतो' असे सांगणे आपल्या जुन्या माणसांच्या जिवावर येते, आणि त्याला इतिहास आहे. 1867 च्या 31 व्या कायद्याने करार संपलेल्या मजुरांनाही, म्हणजे ज्यांना सरकार 'जुने आप्रवासी' म्हणत असे त्यांना, फोटो लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगणे भाग पाडले. राहण्याची जागा आणि धंदा कागदावर. जिल्हा बदलला आणि कागद बदलला नाही तर भटक्या म्हणून अटक. आपले खापरपणजोबा दिवसाढवळ्या रस्त्यावरून या एका कारणाने उचलले जात. आदोल्फ द प्लेव्हित्झ यांनी 1871 साली जो अर्ज तयार केला त्यावर 9,401 जणांनी सह्या-अंगठे केले ते ह्याच जाचाविरुद्ध. आणि त्यानंतर 1872 साली विलायतेहून चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांचे ते फोटो आजही जपून ठेवलेले आहेत. ज्यांनी ते चेहरे पाहिले आहेत त्यांना पोलिसांच्या वहीतल्या पत्त्याविषयी मनात अढी का राहते हे समजेल.

ती अढी आम्ही समजू शकतो. पण ती येथे लावता येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या काळी पत्ता मागितला जाई तो माणसाला एका जागी खिळवून ठेवण्यासाठी. परवान्यावरचा पत्ता मागितला जातो तो बंदुकीसाठी. माणसाने बेटावर हवे तेथे राहावे, रोज घर बदलावे. प्रश्न एवढाच की, जीव घेऊ शकणारी ती वस्तू आज रात्री कोणत्या घरात आहे? हे सरकारला माहीत असावे की नाही? शेजाऱ्याच्या घरी बंदूक असेल तर आपणही हाच प्रश्न विचारू.

आणि ज्याचा परवाना आहे त्याच्याच हिताची गोष्ट पाहा. सरकारी पत्र जाते परवान्यावरील पत्त्यावर. जुन्या घरी आता भाडेकरू असतो, किंवा पुतण्या असतो, किंवा कोणीच नसते. पत्र दारात भिजते. नूतनीकरणाची तारीख निघून जाते आणि चाळीस वर्षे एक काडतूस गैर न वापरलेला माणूस एका सकाळी विनापरवाना बंदूक बाळगणारा ठरतो. 'मला पत्र मिळालेच नाही' हे खरे असते, पण ते का मिळाले नाही याचे उत्तर त्याच्याकडेच असते. रिकाम्या घरातून बंदूक चोरीस गेली तर गोष्ट आणखी वाईट. परवाना वाक्वाच्या कपाटात, बंदूक दूरच्या बंद घरात, आणि चोरी झाली कधी हे सांगणारा कोणी नाही.

आपल्यापैकी ज्यांची मुले विलायतेत आहेत त्यांनी तेथील रीत विचारून पाहावी. तेथे कायमचा पत्ता बदलला की ज्या पोलीस दलाने प्रमाणपत्र दिले त्याला विनाविलंब कळवणे ही प्रमाणपत्राचीच एक अट असते, आणि अट मोडणे हा गुन्हा. भारतातही नियम आहे: परवानाधारक बंदूक घेऊन दुसरीकडे राहावयास गेला तर 30 दिवसांच्या आत जुन्या आणि नव्या दोन्ही ठिकाणच्या अधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दोन्ही ठिकाणी, हे महत्त्वाचे. एकाच्या वहीतून नाव निघाले आणि दुसऱ्याच्या वहीत चढले नाही तर मधल्या काळात ती बंदूक कोणाचीच नसते. आपल्याकडे 2006 चा बंदूक कायदा आहे आणि परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. आमचा सल्ला असा की दिवस मोजत बसू नये. ज्या आठवड्यात सामान हलले त्याच आठवड्यात परवाना घेऊन ठाण्यात जावे, परवान्यावर छापलेल्या अटी आधी नीट वाचाव्यात, आणि इंग्रजी अडत असेल तर बैठकेतल्या एखाद्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्याव्यात. त्यात कमीपणा नाही.

पहिल्या खेपेस कागद न्यावेत, बंदूक नेऊ नये. ती दाखवावयास सांगितली तर कशी व केव्हा आणावी हे विचारून घ्यावे. हलवताना बंदूक रिकामी, काडतुसे वेगळी आणि दोन्ही कुलपात, एवढे तर शिकाऱ्याच्या घरात लहानांनाही ठाऊक असते. नव्या घरात ती ठेवणार कोठे हेही आधी ठरवावे. जुन्या घरी वेगळी खोली होती, कुलूप होते. मुलाच्या नव्या घरी नातवंडे सगळीकडे धावतात आणि पलंगाखालची प्रत्येक वस्तू ओढून काढतात. खरे सांगायचे तर, या लेखाला बसण्याचे मोठे कारण ती नातवंडेच आहेत.

अडचण येते ती पत्त्याच्या पुराव्याची. नव्या घराचे विजेचे बिल सुनेच्या नावावर, पाण्याचे मुलाच्या, आणि आजोबांच्या नावावर काहीच नाही. म्हणून घरमालकाने 'हे माझे वडील असून माझ्याकडे राहतात' असे सहीनिशी लिहून द्यावे आणि सोबत बिल व ओळखपत्राची प्रत जोडावी. अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवून तिच्यावर शिक्का व तारीख मागून घ्यावी. मागितल्याशिवाय शिक्का मिळत नाही हा सर्वांचा अनुभव आहे.

परवानाधारक वारला असेल तर मात्र पत्ता बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. परवाना माणसाला दिलेला असतो; तो माणसाबरोबर संपतो. नोटरीकडे जमिनीचे वाटे पडतात, बंदुकीचा वाटा पडत नाही. 'बाबांची आठवण' म्हणून थोरला ती घेऊन जातो, त्याला परवाना नाही, आणि तेराव्यापर्यंत कोणी काही बोलत नाही, मग कधीच बोलत नाही. अशा घरांनी ती पोलिसांना कळवून टाकावी. कोणा वारसाला हवीच असेल तर त्याने आपला अर्ज आपल्या नावाने करावा.

अधिकाऱ्यांकडूनही आमचे एक मागणे आहे. सत्तरीच्या माणसाला जुन्या ठाण्यातून नव्या ठाण्यात आणि तेथून पोर्ट लुईला लाइन बॅरॅक्समध्ये हेलपाटे घालावे लागले तर तो दुसऱ्या वेळी येणार नाही, आणि बंदूक पलंगाखालीच राहील. जे ठाणे नव्या घराला जवळचे, तेथेच एक अर्ज घ्यावा, पोच द्यावी, आणि पुढचा कागद ठाण्याने ठाण्याकडे पाठवावा. परवान्याच्या मागच्या बाजूला क्रेओलमध्ये दोन ओळी छापाव्यात: घर बदलले तर कोठे जावे, आणि धनी वारला तर घरच्यांनी काय करावे.