वेखंड, कापूर आणि सुरक्षिततेची नोंदवही

१ फेब्रुवारी २०२५ रोजी संसदेत मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मोहिमेची घोषणा झाली. देशातील एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि संवर्धन हा तिचा उद्देश असून ग्रंथालये व संग्रहालयांबरोबर खासगी संग्राहकांनाही तिच्यात सामावून घेतले जाणार आहे. तेव्हापासून या मोहिमेविषयी जी चर्चा होते, ती बहुतांशी छायाचित्रण, संगणकीय प्रती आणि लिपीवाचन यांभोवती फिरते. पोथी ज्या कपाटात ठेवली जाते, त्या कपाटात दुसरे काय ठेवले जाते, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक पोथीचे आणि तिच्या राखणदाराचे आरोग्य त्याच प्रश्नाशी जोडलेले आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास तंजावूरइतके योग्य स्थळ विरळा. नायक राजांच्या काळात उगम पावलेला येथील ग्रंथसंग्रह भोसले राजांनी वाढवला आणि दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकिर्दीत (१७९८ ते १८३२) त्याला आजची कीर्ती लाभली. १९१८ मध्ये सर्वसामान्य वाचकांसाठी खुल्या झालेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ आणि तेलुगू ग्रंथांबरोबर तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत. मोडी कागदपत्रांची दप्तरे आहेत ती वेगळीच. कावेरीच्या खोऱ्यातील हवा या संपत्तीला अनुकूल नाही. उन्हाळ्यात पारा ३५ अंशांच्या पुढे जातो, तर ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या महिन्यांत दमटपणा भिंतींत मुरतो. बुरशी आणि कसर यांना याहून अधिक काय हवे?

यावर येथे वापरला जाणारा पारंपरिक उपाय संवर्धनशास्त्राच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. वेखंड, कलौंजी, दालचिनी, मिरे आणि लवंग यांची पूड करावी, तीत कापराचे तुकडे मिसळावेत, कापडाच्या लहान पुरचुंडीत ते मिश्रण बांधावे आणि ती ग्रंथांजवळ ठेवावी. काही महिन्यांनी पुरचुंडी बदलावी. ताडपत्रांचा लवचीकपणा टिकावा आणि कीड दूर राहावी म्हणून दक्षिणेत गवती चहाच्या कुळातील सुगंधी तेलाचा हातही त्यांवर फिरवला जातो. उपाय बुद्धिमान आहे, स्वस्त आहे आणि अनुभवातून सिद्ध झालेला आहे. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु तो ‘नैसर्गिक’ आहे, एवढ्यावरून तो सर्वथा निर्धोक ठरत नाही. त्यातील पदार्थ स्वयंपाकघरातून आणि देवघरातून आले असले, तरी कपाटात शिरताच ते रसायनेच असतात.

कापराचेच पाहा. देवघरातील आरतीमुळे तो इतका परिचयाचा झाला आहे की त्याच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत मात्र आठ तासांच्या पाळीसाठी हवेतील कापराची मर्यादा दर घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे. डांबरगोळ्यांतील नॅफ्थलीनसाठी हीच मर्यादा सुमारे ५० मिलिग्रॅम आहे. यावरून कापूर नॅफ्थलीनपेक्षा वाईट ठरतो, असा अर्थ काढणे चूक होईल. दोघांचे परिणाम निराळे आहेत. कापराची वाफ डोळ्यांना आणि नाकाला त्रास देते. तो पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात आणि म्हणूनच अमेरिकेत अंगाला लावण्याच्या औषधांत त्याचे प्रमाण ११ टक्क्यांवर जाऊ दिले जात नाही. नॅफ्थलीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये ‘मानवात कर्करोगाची शक्यता’ असलेल्या गटात घातले. शिवाय ज्यांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात. अशी कमतरता असलेल्या अनेकांना तिची कल्पनाही नसते. वेखंडाची गोष्टही अशीच. बाळाच्या घुटीत उगाळला जाणारा हा कंद अमेरिकेने १९६८ मध्ये अन्नपदार्थांतून वर्ज्य केला, कारण त्यातील बीटा-असारोन या घटकामुळे प्रयोगातील उंदरांत अर्बुदे आढळली. भारतीय वेखंडात हा घटक विशेष प्रमाणात असतो.

मग ही पुरचुंडी फेकून द्यावी काय? मुळीच नाही. येथे विज्ञानाचे पहिले तत्त्व आठवावे. पदार्थाचा स्वभाव ही एक गोष्ट आणि त्यापासून प्रत्यक्षात होणारा अपाय ही दुसरी. मात्रा किती, हवा खेळती की कोंडलेली, संपर्क किती तासांचा आणि संपर्कात येणारी व्यक्ती कोण, यांवर अपाय ठरतो. महिन्यातून एकदा कपाट उघडणाऱ्या अभ्यासकासाठी जी पुरचुंडी क्षुल्लक, तीच दररोज वेखंड आणि मिरे कुटणाऱ्या, बंद दालनात पुरचुंड्या बांधणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी क्षुल्लक नसते. ‘कमी धोक्याचे’ हे विशेषण बाटलीवर छापता येते. परिस्थितीवर ते छापता येत नाही.

साठवणीतील चुकांचे एक उदाहरण विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे. अमृतधारा अनेक मराठी घरांत असते. पुदिन्याचे फूल, ओव्याचे फूल आणि कापूर हे तीन कोरडे, पांढरे पदार्थ एकत्र करताच त्यांचे पाणी होते. कारण मिश्रणाचा वितळणबिंदू प्रत्येक घटकाच्या वितळणबिंदूपेक्षा खाली उतरतो. कापूर आणि नॅफ्थलीन यांचेही तसेच होते. एकटा कापूर सुमारे १७५ अंशांच्या पुढे वितळतो आणि एकटे नॅफ्थलीन ८० अंशांना. योग्य प्रमाणात एकत्र आल्यास मात्र त्यांचे मिश्रण तिशीच्या थोडे पुढेच वितळते. तंजावूरचा, किंवा विदर्भाचा, उन्हाळा त्यासाठी पुरेसा आहे. कोणी जुनी पुरचुंडी न काढता शेजारी डांबरगोळ्या ठेवल्या, की दोन ‘निरुपद्रवी’ पदार्थांचा तेलकट डाग दोनशे वर्षांच्या कागदावर उमटू शकतो. तो डाग कोणत्याही एका पदार्थाच्या विषारीपणामुळे पडत नाही. आधी काय ठेवले होते याची नोंद नसल्यामुळे तो पडतो.

दुसरा गैरसमज वासाचा. खोलीत वास दरवळतो आहे, म्हणजे कीड दूर आहे, असे मानले जाते. डांबरगोळ्यांची वाफ किडीवर परिणामकारक ठरते ती घट्ट बंद पेटीत, पुरेशी साठल्यावर. उघड्या मांडणीवर ठेवलेल्या गोळ्या किडीचे फारसे बिघडवत नाहीत. त्यांची वाफ वाचकाच्या श्वासात मात्र जाते. जो साठा पोथीचे रक्षण करीत नाही आणि माणसाला त्रास देतो, त्याला संवर्धन कसे म्हणावे?

आधुनिक उपाय वापरले म्हणजे चिंता मिटते, असेही नाही. प्राणवायू काढून टाकलेल्या बंद आवरणात हस्तलिखित ठेवून कीड मारण्याची पद्धत आता जगभर रूढ आहे. तिच्यासाठी बहुधा नायट्रोजन वापरतात. ज्या हवेत आपण जगतो तिचा ७८ टक्के भाग नायट्रोजनच आहे. हाच वायू लहानशा बंद खोलीत गळून प्राणवायूची जागा घेऊ लागला, तर गुदमरण्याची जाणीव होण्यापूर्वीच माणूस बेशुद्ध पडू शकतो. वास नाही, रंग नाही, जळजळ नाही.

नेमक्या याच ठिकाणी राष्ट्रीय मोहिमेची जबाबदारी येते. घातक रसायनांच्या साठवणुकीसंबंधीचे १९८९ चे केंद्रीय नियम प्रामुख्याने मोठे साठे डोळ्यांपुढे ठेवून रचलेले आहेत. ग्रंथालयातील एक बरणी किंवा एखाद्या घरातील पेटी त्यांच्या नजरेत भरत नाही. एक कोटी हस्तलिखितांपैकी बरीचशी तर मठांत, देवळांत आणि वाड्यांच्या माळ्यांवर आहेत. तेथे कोणी सुरक्षा-अधिकारी नाही. आहेत ती घरातली माणसे आणि लहान मुले. छायाचित्रणासाठी पथक तेथे पोहोचणारच आहे. त्याच पथकाने पेटीत काय आढळले ते लिहून घ्यावे आणि मालकाला त्याच्या भाषेत चार गोष्टी समजावून द्याव्यात, ही अपेक्षा अवाजवी नाही.

त्या चार गोष्टी साध्या आहेत. प्रत्येक डब्यावर आणि पुरचुंडीवर पदार्थाचे नाव व ठेवल्याचा दिनांक असावा. तोही तंजावुरात तमिळमध्ये, पुण्यात मराठीत, म्हणजे जो डबा हाताळतो त्याला वाचता येईल असा. जुना पदार्थ पूर्णपणे काढून हवा खेळू दिल्याशिवाय नवा ठेवू नये आणि दोन प्रकारच्या गोळ्या कधीही एकत्र ठेवू नयेत. कापूर आणि सुगंधी तेले घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, ज्योतीपासून व उन्हापासून दूर, मुलांच्या हाताबाहेर असावीत. तेल पुसलेल्या चिंध्यांचा ढीग करू नये. पूड कुटताना नाकतोंड झाकावे, खिडकी उघडी ठेवावी आणि नंतर हात धुवावेत. या चारही गोष्टींना लागणारा खर्च एका चित्रक यंत्राच्या किमतीपुढे नगण्य आहे.

एवढ्या किरकोळ पदार्थांसाठी इतका खटाटोप कशाला, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर सरस्वती महालातच आहे. सरफोजी राजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी तेथे जतन केलेल्या आहेत. रुग्णाची स्थिती काय होती आणि उपचार कोणते केले, हे लिहून ठेवण्याचा आग्रह ज्या दरबाराने दोनशे वर्षांपूर्वी धरला, त्याच्याच ग्रंथसंपत्तीजवळ ठेवलेल्या पुरचुंडीत काय आहे आणि ती केव्हा बदलली, हे कोणाला सांगता येऊ नये, ही गोष्ट शोभणारी नाही. ‘ज्ञान भारतम्’ने प्रत्येक संग्रहाला संगणकीय प्रतींबरोबर एक साधी नोंदवही द्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर आज कपाटात जे आहे ते लिहून घ्यावे.