घटपर्णीला उसाचे खत घालू नका

ऊस पिवळा पडला की खत घालायचे, हे आपल्या बेटावर लहान मुलालाही ठाऊक आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी उसात हाडे झिजवून मिळविलेली ही विद्या. उसाला ती लागू पडते. घटपर्णीला मात्र तीच विष ठरते.

काही वर्षांपूर्वी वर्गातील मुलांना दाखविण्यासाठी मी बाजारातून टांगत्या कुंडीतली घटपर्णी आणली. पानाच्या टोकाला तंतू, तंतूला झाकणाचा घट आणि घटात पडलेली मुंगी विरघळते, हे पाहून मुले हरखून गेली. सुट्टीत रोप घरी नेले. पंधरा दिवसांत सगळे घट वाळले. बाबांचे सारे आयुष्य उसात गेलेले. त्यांनी मायेने मुळाशी चमचाभर खत घातले. मी वरून शेणखताची माती भरली. महिन्याभरात रोप मेले. बाबा कित्येक दिवस त्या रिकाम्या कुंडीकडे पाहत. चूक माझीच होती. शिक्षिका असून मी निदानाआधी औषध दिले.

हे झाड निकस जमिनीतले. मुळांना जे मिळत नाही ते किड्यांतून मिळावे म्हणून तर त्याला घट असतात. आपल्या बेटावर ते निसर्गतः नाही. पण शेजारच्या मादागास्कर आणि सेशेल्सला त्याच्या स्वतःच्या जाती आहेत. मादागास्करच्या जातीचे वर्णन फ्लाकूर या फ्रेंच गव्हर्नराने 1658 सालीच लिहून ठेवले आहे.

म्हणून माझे सांगणे असे, की वाळलेल्या घटाकडे पाहून घाबरू नका. घट जुना झाला की वाळतोच, आणि जागा बदलली की सगळे एकदम वाळतात. सर्वांत नवे पान पाहा. ते हिरवे व भरदार असेल तर वाळलेले घट कापा, कुंडी एका जागी ठेवा आणि दोन-तीन महिने धीर धरा. पान चांगले, पण तंतूचे टोक फुगण्याआधीच सुकते? मग हवा कोरडी आहे किंवा उजेड कमी. पाने लांब, गडद आणि घट नाहीत, तर उजेडच कमी. पाने करपली तर दुपारचे ऊन फार.

नवी पाने लहान होत चालली आणि कुंडी ओली असूनही रोप मान टाकू लागले, तर मुळे पाहावीत. ती मुळातच काळी व बारीक असतात, एवढ्यावरून कापू नका. मऊ, वास येणारी तेवढीच काढा. मग शेवाळ आणि ऑर्किडची साल यांच्या भुसभुशीत मिश्रणात लावा. पाणी पावसाचे द्यावे. नळाच्या पाण्यातले क्षार कुंडीत साचतात. वाक्वा-क्यूरपिपला पावसाची चिंता नाही, पण तिथल्या हिवाळ्यात उष्ण प्रदेशातल्या जातींची वाढ थांबते. तो रोग नव्हे. पानामागे पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा. घटात मांसाचे तुकडे टाकू नयेत, ते कुजतात.

विकणारे यातले काही सांगत नाहीत, ही माझी तक्रार आहे. कुंडीला एक चिठ्ठी बांधायला कितीसा खर्च येतो?

यंदा दुसरे रोप आणले आहे. बाबा रोज सकाळी चहाआधी त्याचे नवे पान पाहून येतात. परवा त्यांनी मला हाक मारली. तंतूचे टोक फुगू लागले होते.