किलोभर उपग्रहाच्या बाजूने

22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 रॉकेट श्रीहरिकोट्याहून झेपावलं. त्यात 727 किलोंच्या कार्टोसॅट उपग्रहासोबत पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ होता. बाजू दहा सेंटिमीटर, वजन किलोच्या आत. असल्या उपग्रहांवरचे आक्षेप ठरलेले. खिशात मोबाइल असताना निरोप पोचवायला हे खेळणं कशाला? आणि 2008 पासून आठ वर्षं खपून केलेली वस्तू स्वस्त कशी?

पहिल्या आक्षेपात मोबाइलचा मनोरा उभा आणि त्याची वीज चालू, हे गृहीत धरलेलं असतं. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत अंदमानात तेच वाहून गेलं. तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले. ‘स्वयम्’ याच मंडळींसाठी होता: पाठवलेला निरोप साठवायचा आणि दुसरं केंद्र टप्प्यात आलं की खाली द्यायचा.

एका फेरीत उपग्रह जेमतेम दहा-बारा मिनिटं टप्प्यात असतो, मग कित्येक तास गायब, ही तक्रार मात्र खरी. एकट्या उपग्रहावर सेवा चालत नाही. पण साऱ्याच निरोपांना घाई असते थोडीच! घाटमाथ्यावरच्या पर्जन्यमापकाचे आकडे बऱ्याचदा दोन-चार तास थांबू शकतात. घाईच असेल तर उपग्रह वाढवावेत, आणि ते परवडायला ते स्वस्तच हवेत.

स्वस्त म्हणजे निकृष्ट, असं समजणाऱ्यांनी ‘स्वयम्’चं पोट पाहावं. एवढ्याशा अंगावरच्या सौरपट्ट्या दोनेक वॅट देणार. त्यातली वीज दिशा सांभाळण्यात घालवली तर रेडिओला काय उरणार? म्हणून आत कायमचे चुंबक बसवले. होकायंत्राच्या सुईसारखा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळतो आणि खास धातूच्या कांड्या त्याचं डोलणं हळूहळू शमवतात. वीज शून्य, बिघडायला फिरता भागही नाही. मला तरी यात काटकसरीपेक्षा अक्कल जास्त दिसते.

आठ वर्षांचं म्हणाल, तर जुनी तुकडी पदवी घेऊन बाहेर पडते आणि नवी मुळापासून शिकते. दीडशेहून अधिक मुलांचे हात त्याला लागले. तो वेळ शिक्षणाच्या खात्यावर मांडा, उपग्रहाच्या नको.

माझा खरा वाद टाळ्या वाजवणाऱ्यांशी आहे. पहिल्याचं कौतुक झालं. तसाच दुसरा, तिसरा, दहावा का नाही? आराखडा तयार, चुकाही ठाऊक. नवलाईचा हट्ट सोडला तर पुढचा उपग्रह निम्म्याहून कमी कष्टांत होईल. फेब्रुवारी 2017 मध्ये पीएसएलव्हीनेच एका फेरीत 104 उपग्रह नेले. त्यांतले 88 एकाच अमेरिकन कंपनीचे होते, छोटे आणि एका साच्यातले.