विश्लेषण : सर्दी-ताप नाका-घशाचा, मग फटका किडनीला का?

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-खोकल्याची २० हून अधिक बालके किडनी निकामी होऊन दगावली. अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. भंडारा जिल्ह्यातील गंभीर रुग्णांनाही नागपूरलाच हलवले जाते. त्यामुळे हा विषय भंडाऱ्यासाठीही जवळचा आहे.

विषाणूमुळे किडनी बिघडते का?

इन्फ्लूएन्झा, कोविडच्या गंभीर रुग्णांत बिघडू शकते. ताप, उलट्या आणि कमी खाण्यापिण्यामुळे शरीरातील पाणी घटते, रक्तदाब उतरतो. किडनीला पुरेसे रक्त मिळत नाही. न्यूमोनिया झाल्यास ऑक्सिजनही कमी पडतो. किडनीचे काम असे अचानक मंदावणे म्हणजे ‘अक्यूट किडनी इंजुरी’. वेळीच उपचार मिळाल्यास किडनी अनेकदा पूर्ववत होते.

औषधांचा संबंध काय?

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. रोवणीच्या दिवसांत घामाने पाणी कमी झालेले असताना ताप-अंगदुखीवर मेडिकलमधून परस्पर घेतलेली अशी गोळी महागात पडू शकते.

छिंदवाड्यात सुरुवातीला संसर्गाचाही संशय होता. नंतर ‘कोल्ड्रिफ’ सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन आढळले. त्याची मर्यादा ०.१ टक्के आहे. केंद्राच्या ३ ऑक्टोबर २०२५ च्या सूचनेनुसार दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत. पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत.

जास्त धोका कोणाला?

मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा किडनीचा जुना आजार असलेले, ज्येष्ठ आणि लहान मुले. या रुग्णांनी फ्लूच्या लसीबाबत डॉक्टरांना विचारावे.

घरी काय पाहावे?

तापाच्या आकड्याइतकेच लघवीकडे लक्ष द्या. लघवी खूप कमी किंवा गडद होणे, मुलाला सहा-आठ तास लघवी न होणे, चेहऱ्यावर-पायांवर सूज, धाप, गुंगी यांपैकी काहीही दिसल्यास लगेच रुग्णालय गाठा. रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीच्या तपासणीतून बिघाड कळतो.

तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच घ्या. पाणी, पेज, ओआरएस थोडे थोडे देत राहा. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. रुग्णालयात जाताना घेतलेल्या औषधांची पाकिटे, बाटल्या सोबत न्या. कारण शोधणे सोपे जाते.