चष्म्याचा नंबर बदलत राहतो आणि गाठ वाढत राहते

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण घरातल्या मोठ्या माणसांसाठी तेवढी वाचाच.

माझ्या मावशीने दोन वर्षांत तीन चष्मे बदलले. तक्ता वाचायला सांगितला की खालच्या ओळीपर्यंत बरोबर वाचायची. पण घरात वावरताना खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा, ताटाशेजारचं पाण्याचं भांडं हात लागून सांडायचं. आम्ही वर तिलाच बोलायचो, "मावशी, लक्ष कुठे असतं गं तुझं?" लक्ष ठिकाणावरच होतं. दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचं दिसणंच गेलं होतं. शेवटी एमआरआयमध्ये पिट्युटरी ग्रंथीची गाठ निघाली.

ही ग्रंथी वाटाण्याएवढी, मेंदूच्या तळाशी असते. तिच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. गाठ वर सरकली की त्या नसा दाबल्या जातात आणि आधी कडेची नजर जाते. समोरचं नीट दिसत असतं, म्हणून माणसाला स्वतःलाही पत्ता लागत नाही.

'मेंदूची गाठ' म्हटल्यावर आमच्या घरात रडारड झाली. पण या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात. काही प्रकार तर नुसत्या गोळ्यांनी आटोक्यात येतात. ऑपरेशन लागलंच तरी बहुतेकदा कवटी उघडावी लागत नाही. नाकपुडीतून दुर्बीण घालून, नाकामागच्या हाडाच्या पोकळीतून गाठीपर्यंत जातात. चेहऱ्यावर टाकाही नाही. धोका अजिबात नाही असं मात्र समजू नका. मेंदूभोवतालचं पाणी नाकातून गळू शकतं, पुढे हार्मोनच्या गोळ्या घ्याव्या लागू शकतात.

मावशीचं ऑपरेशन चांगलं झालं. उजव्या डोळ्याची नजर बरीच सुधारली, डाव्याची नाही. नस फार दिवस दाबलेली राहिली तर नंतर गाठ काढूनही दिसणं पूर्ण परत येत नाही.

माझा राग इथेच आहे. ऑपरेशन एवढं पुढे गेलं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कवच ५ लाखांपर्यंत गेलं. पण योजना कामाला येते ती निदान झाल्यावर! आणि आपल्याकडची नेत्र शिबिरं म्हणजे काय? नेत्याचा वाढदिवस, भला मोठा फ्लेक्स, मोतीबिंदू बघायचा, चष्मा वाटायचा आणि फोटो काढायचा. कडेची नजर कोण तपासतं?

त्याला पैसेही लागत नाहीत. समोरासमोर बसायचं, एक डोळा झाकायचा, समोरच्याच्या डोळ्यात बघायचं आणि त्याने बाजूने बोटं हलवत आत आणायची. दोन मिनिटांचं काम. यात सगळंच सापडेल असं नाही, पण शंका आली तर माणूस पुढे तरी पाठवता येईल. म्हणून मागण्या दोनच. प्रत्येक शिबिरात ही तपासणी व्हावी, आणि प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात नजरेचं क्षेत्र मोजणारं पेरिमेट्रीचं यंत्र चालू स्थितीत असावं. त्याच यंत्राने काचबिंदूही पकडता येतो, म्हणजे खर्च वाया जाणार नाही.

प्रत्येक डोकेदुखी म्हणजे गाठ नव्हे, उगाच घाबरू नका. पण कोणी सारखं धडकत असेल, नंबर बदलूनही समाधान होत नसेल, पाळी अचानक थांबली असेल, अंगठी किंवा चप्पल घट्ट होत चालली असेल, तर चष्म्याच्या दुकानावर थांबू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "कडेची नजर तपासा."

आम्ही मावशीला वेंधळी म्हणत राहिलो. तुम्ही ती चूक करू नका.