माणसावर एकमत होत नाही, तेव्हा नोटेवर सिंह येतो

नोटेवर कोणाचे चित्र असावे, हा वाद आपल्या देशात दर दोन-चार वर्षांनी उकरून काढला जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी नोटेवर लक्ष्मी-गणपती छापण्याची मागणी केली आणि एकच झुंबड उडाली. कुणी शिवराय पुढे केले, कुणी बाबासाहेब. आंबेडकरी जनतेची मागणी त्याच्या कितीतरी आधीची आहे, हे त्या गदारोळात कुणाला आठवले नाही. अशा वेळी एक शहाजोग सल्ला हमखास कानावर येतो. माणसे कशाला हवीत, वाघ छापा, मोर छापा, भांडणच मिटेल! डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलच्या डब्यात आणि कोर्टाच्या बाररूममध्ये हा सल्ला आम्ही अनेकदा ऐकला आहे. देणाऱ्याचा हेतू काहीही असो, त्यामागचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जगातले इतके देश आपल्या मातीतले वन्यप्राणी नोटांवर का छापतात?

देशाचा अभिमान, पर्यटकांना आकर्षण, पिसांच्या आणि पट्ट्यांच्या बारीक रेषांमुळे नकली नोट काढणे अवघड, अशी उत्तरे दिली जातात. ती खोटी नाहीत. पण खरे कारण राजकीय आहे. माणसाचा चेहरा आला की त्याच्याबरोबर वंश येतो, धर्म येतो, आपल्याकडे तर आधी जात येते. गेंड्याला जात विचारता येत नाही.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण बघा. तिथे नोटांवर यान व्हॅन रिबेक हा डच वसाहतीचा संस्थापक होता. देशातला बहुसंख्य काळा माणूस ज्या नोटेवर मजुरी घेत होता, तिच्यावर त्याची भूमी बळकावणाऱ्याचा चेहरा होता. १९९० नंतर वर्णभेदाची राजवट कोसळू लागली, तेव्हा नोटांवरून व्हॅन रिबेक गेला आणि गेंडा, हत्ती, सिंह, रानरेडा, बिबट्या असे पाच प्राणी आले. गोरा आणि काळा या दोघांनाही चालेल असा मानवी चेहरा त्या घडीला मिळणे कठीण होते. शेजारच्या नेपाळात २००८ साली राजेशाही संपली. नोटेवरून राजा गेला, सगरमाथा शिखर आले. मागच्या बाजूचे गेंडा, वाघ आणि हत्ती मात्र आपापल्या जागी राहिले. राजे बदलतात, गेंडा कुणाच्या पक्षाचा नसतो! युरोपच्या मध्यवर्ती बँकेने २०२३ साली पुढच्या युरो नोटांसाठी जे दोन विषय निवडले, त्यांतला एक नद्या आणि पक्ष्यांचा आहे. बँक ऑफ इंग्लंडने तर जुलै २०२५ मध्ये पुढच्या नोटांवर काय हवे हे लोकांनाच विचारले. पर्यायांत निसर्गही होता.

आपला देश या वाटेने सर्वांच्या आधी गेला होता, हे आपल्या लोकांना फारसे सांगितले जात नाही. स्वातंत्र्यानंतर नोटेवरून इंग्रज राजाचा चेहरा काढायचा होता. त्याच्या जागी गांधीजींचे चित्र घ्यावे असा विचार आधी झाला, तशी रेखाटनेही तयार झाली. शेवटी एकमत झाले ते सारनाथच्या सिंहशीर्षावर. ही आमच्या पदरची गोष्ट नाही, रिझर्व्ह बँकेनेच आपल्या चलनाच्या इतिहासात ती नोंदवली आहे. १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर अशोकाचे सिंह आले. गांधीजींचे चित्र १९६९ च्या जन्मशताब्दीच्या नोटांवर, पुढे १९८७ साली पाचशेच्या नोटेवर आले आणि १९९६ च्या मालिकेपासून ते सर्व नोटांवर कायम झाले. म्हणजे स्वतंत्र भारताच्या नोटेची ओळख कित्येक दशके हे सिंहच होते. फाळणीची जखम ओली असलेल्या देशात बावीसशे वर्षांपूर्वीचा दगडी सिंह कुणालाच परका वाटला नाही, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो.

आणि तो सिंह कुणाचा? सारनाथ म्हणजे जिथे तथागतांनी धम्मचक्र फिरवले ते ठिकाण. त्या शीर्षाच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह धम्मचक्रांच्या मधून चालताना दिसतात. ज्या सम्राटाने तो स्तंभ उभारला, त्याने राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर पाचवा स्तंभलेख कोरला. त्यात पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ अशी जीवांची यादी देऊन त्यांना मारू नये असे फर्मावले आहे. विनाकारण वने जाळू नयेत, असेही त्यात आहे. त्याच लेखाच्या शेवटी, या २६ वर्षांत २५ वेळा बंदिवानांना सोडले, अशी नोंद आहे. वकिली करणाऱ्या आम्हाला हे शेवटचे वाक्य फार मोलाचे वाटते. रानातला जीव आणि तुरुंगातला माणूस यांची काळजी एकाच शिळेवर लिहिणारा राजा या भूमीत होऊन गेला. नोटेच्या कोपऱ्यातला छोटा सिंह त्याची खूण आहे.

रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्यातला वाघ मात्र वेगळ्या कुळातला. ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेवर सिंह आणि ताडाचे झाड होते. बँकेने सिंहाच्या जागी भारतीय म्हणून वाघ घेतला. पहिल्या नमुन्यातला वाघ कुत्र्यासारखा दिसतो, लोक हसतील, अशी तक्रार त्या वेळचे डेप्युटी गव्हर्नर जेम्स टेलर यांनी केली होती. कंपनीचा शिक्का थोडा दुरुस्त करून आपण देशी केला, इतकेच.

पुढे दोनच्या नोटेवर वाघ आला, दहाच्या नोटेवर मोर आले, १९९६ च्या दहाच्या नोटेवर गेंडा, हत्ती, वाघ असे तिघे एकत्र आले. जानेवारी २०१८ मध्ये नव्या दहाच्या नोटेवर त्यांच्या जागी कोणार्कचे सूर्यमंदिर आले. तिघांची जुनी नोट कायद्याने आजही चालते, डोंबिवलीच्या बाजारात मळून काळी झालेली कधीतरी हाती येते. नव्या मालिकेत हंपी आहे, वेरूळ आहे, लाल किल्ला आहे आणि दोनशेच्या नोटेवर सांचीचा स्तूप आहे. सांचीचा आम्हाला आनंद आहे. पण दहाच्या नोटेवर जिथे प्राणी होते तिथे मंदिर आले, हा बदल कुणाशी चर्चा करून झाला?

आता त्या शहाजोग सल्ल्याकडे वळू. भांडण मिटवण्यासाठी वाघ छापा म्हणणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेची गोष्ट अर्ध्यावर सोडलेली असते. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्या देशाने सर्व नोटांच्या दर्शनी बाजूवर नेल्सन मंडेला आणले आणि ते पाच प्राणी मागच्या बाजूला ठेवले. न्यूझीलंडच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर पुढे माओरी नेते अपिराना न्गाता आहेत, मागे तिथला कोकाको पक्षी. ज्यांना शतकानुशतके बाहेर ठेवले, त्यांचा माणूस पुढच्या बाजूला आणि रानातला जीव पाठीमागे. मग बाबासाहेबांचे नाव निघाले की इथेच प्राणी का आठवतात?

बाबासाहेबांचा हक्क केवळ भावनेचा नाही. आपल्या सभांमधून रिझर्व्ह बँक त्यांच्याच ग्रंथातून जन्मली असे सरसकट सांगितले जाते. आम्ही पुराव्याने टिकेल तेवढेच सांगतो आणि ते पुरेसे आहे. १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडनला प्रसिद्ध झाला. डिसेंबर १९२५ मध्ये त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. १९९० साली एक रुपयाच्या आणि २०१५ साली दहा व सव्वाशे रुपयांच्या नाण्यांवर ते आले. नाण्यावर चालतात, तर नोटेवर अडचण काय?

वाघाबद्दलही एक गोष्ट बोलायला हवी. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाट होते. वाघासाठी जागा हवी म्हणून बोरी, कोहा, कुंड ही कोरकूंची गावे उठवली गेली. जो समाज वाघाशेजारी पिढ्यान् पिढ्या जगला, तोच अतिक्रमक ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या संमतीशिवाय असे उठवता येत नाही. नोटेवर वाघ परत आला तर आम्हाला आनंदच होईल, पण कोरकूचा वनहक्काचा दावा तोवर कचेरीत धूळ खात पडलेला नसावा.

निवेदने घेऊन फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेच्या दारापर्यंत जाणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांसाठी शेवटी थोडा कायदा. रिझर्व्ह बँक कायदा १९३४, कलम २५. नोटेचे चित्र, आकार आणि कागद यांची शिफारस बँकेचे केंद्रीय मंडळ करते, मंजुरी केंद्र सरकार देते. म्हणून निवेदन दोन्हीकडे गेले पाहिजे, एक प्रत अर्थमंत्रालयाला आणि एक केंद्रीय मंडळाला. पोच घ्यायला विसरू नका. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाका आणि त्यात हेही विचारा, की १९४९ साली सिंहावर एकमत झाले त्या फायलीत नेमके काय लिहिले आहे.