राजवाड्यापुढची पांढरी इनोव्हा : टोयोटाच्या विश्वासाचा हिशेब

तंजावूर : मराठा राजवाड्याच्या परिसरात दरबार हॉल, कलादालन आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहण्यासाठी येणारी कुटुंबे बहुधा भाड्याच्या मोटारीने येतात. तिरुचिरापल्लीच्या विमानतळावर किंवा रेल्वेस्थानकावर उतरायचे, गाडी ठरवायची आणि बृहदीश्वर मंदिर, राजवाडा, दारासुरम, कुंभकोणम, जमल्यास गंगैकोंडचोळपुरम असा फेरा करायचा, ही आता रुळलेली वाट आहे. महाराष्ट्रातून भोसले घराण्याचा दक्षिणेकडील वारसा पाहायला येणारी मंडळीही याच वाटेने जातात. या फेऱ्यासाठी जी गाडी सर्वांत आधी सुचवली जाते, तिचे नाव वीस वर्षांत बदललेले नाही. पांढरा रंग, पिवळी क्रमांकपट्टी, सात-आठ प्रवासी आणि त्यांचे सामान घेऊन दिवसभर धावणारी टोयोटा इनोव्हा.

हे चित्र आता बदलण्याच्या उंबरठ्यावर आहे. मोटारींवरील करांची रचना सप्टेंबर २०२५ मध्ये बदलली, इंधन-कार्यक्षमतेचे अधिक कडक निकष २०२७ पासून प्रस्तावित आहेत, आणि खुद्द टोयोटा डिझेलकडून हायब्रिडकडे वळली आहे. याच कंपनीचा मोठा प्रकल्प छत्रपती संभाजीनगरजवळ उभारण्याचा करारही झालेला आहे. त्यामुळे या जपानी नाममुद्रेचे भारतातील आकर्षण नेमके कशात आहे आणि ते पुढे कोणाच्या वाट्याला येणार, हा प्रश्न केवळ वाहनप्रेमींचा राहिलेला नाही. भाड्याच्या गाडीवर घर चालवणाऱ्यांचाही तो आहे.

प्रथम एक विसंगती नोंदवायला हवी. तामिळनाडूला जपानी मोटारकंपनी परकी नाही. चेन्नईजवळच्या ओरगडम येथे निसान आणि रेनॉ यांचा संयुक्त कारखाना २०१० पासून सुरू आहे. ‘डॅटसन’ हे जुने नाव निसानने २०१४ मध्ये भारतात पुन्हा बाजारात आणले ते इथूनच, आणि २०२२ मध्ये ते गुंडाळले तेही इथूनच. या कारखान्यातील निसानचा ५१ टक्के हिस्सा रेनॉ विकत घेणार असल्याचे मार्च २०२५ मध्ये जाहीर झाले. राज्यातच तयार होणाऱ्या जपानी गाडीला राजवाड्यापुढच्या वाहनतळावर पाय रोवता आले नाहीत, आणि शेजारच्या कर्नाटकातील बिडदी येथे बनणारी गाडी मात्र तिथे ठाण मांडून बसली. कारखाना जवळ असल्याने विश्वास मिळत नाही, एवढे यावरून दिसते.

टोयोटाचा उगम मोटारीत नव्हे, मागात आहे. साकिची तोयोदा (जन्म १८६७) हे सुताराचे पुत्र. त्यांनी हातमागात सुधारणा करून १८९१ मध्ये पहिले पेटंट मिळवले आणि १९२४ मध्ये स्वयंचलित माग पूर्ण केला. विणताना धागा तुटला की हा माग आपोआप थांबत असे. दोष पुढे सरकू द्यायचा नाही, यंत्राने स्वतःच थांबायचे, हे तत्त्व पुढे टोयोटाच्या संपूर्ण उत्पादनपद्धतीचा पाया ठरले. या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकण्यात आले. साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी मागाच्या कंपनीतच १९३३ मध्ये मोटार विभाग सुरू केला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर ही स्वतंत्र कंपनी झाली. ‘तोयोदा’चे ‘टोयोटा’ झाले ते आदल्या वर्षी. जपानी लिपीत नवे नाव आठ फटकाऱ्यांत लिहिता येते आणि आठ हा आकडा तिथे शुभ मानतात. मूळ आडनावाचा अर्थ ‘सुपीक भातखाचर’ असा होतो. कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीतून धावणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हा योगायोग मौजेचा आहे.

मराठी वाचकाला या कथेत ओळखीचा सूर सापडेल. साकिचींपेक्षा दोनच वर्षांनी लहान असलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानाने आरंभ केला. पुढे ते लोखंडी नांगराकडे वळले आणि औंध संस्थानच्या आश्रयाने १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. एकीकडे माग, दुसरीकडे नांगर. दोन्ही घराण्यांनी आपापल्या देशातील सर्वांत जुन्या अवजारापासून यंत्रोद्योगाकडे वाटचाल केली. या घराण्यांची गाठही प्रथम मोटारीमुळे पडली नाही. वस्त्रोद्योगाची यंत्रे बनवण्यासाठी १९९५ मध्ये दोघांची संयुक्त कंपनी झाली आणि त्यानंतर १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली. किर्लोस्करांच्या चौथ्या पिढीतील विक्रम किर्लोस्कर हे या भागीदारीचा भारतीय चेहरा होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या कन्या मानसी टाटा यांनी उपाध्यक्षपदाची सूत्रे घेतली. भांडवलात टोयोटाचा वाटा ८९ टक्के आणि किर्लोस्करांचा ११ टक्के आहे. नावातील मराठीपण भांडवलापेक्षा बरेच मोठे आहे, हे मान्य करावे लागते.

त्याआधी टोयोटाने १९८०च्या दशकात दिल्ली क्लॉथ मिल्सच्या समूहाशी भागीदारी करून हलक्या मालमोटारी आणल्या होत्या. तो प्रयत्न टिकला नाही. मात्र देशाच्या काही भागांत छोट्या मालमोटारीला आजही सर्रास ‘डीसीएम’ म्हणतात. नाममुद्रा गेली आणि भागीदाराचे नाव सामान्यनाम होऊन राहिले.

दुसऱ्या प्रवेशात कंपनीने वेगळा डाव खेळला. जानेवारी २००० मध्ये आलेली क्वालिस ही जपानी रस्त्यांसाठी घडवलेली गाडी नव्हती. इंडोनेशियात १९७७ पासून विकसित होत गेलेल्या ‘किजांग’ या साध्या, दणकट कुटुंब-वाहनाच्या घराण्यातील ती एक पिढी होती. चौकोनी बांधणी आणि जुनाट रूप यांवरून समीक्षकांनी तिची थट्टा केली. परंतु अवजड सांगाड्यावर उभी असलेली, खड्ड्यांना न जुमानणारी आणि दहा माणसे सामावणारी ही गाडी भाड्याच्या व्यवसायाने उचलून धरली. विक्री चांगली असतानाच २००५ मध्ये कंपनीने ती बंद केली आणि तिच्या जागी इनोव्हा आणली. हा निर्णय त्यावेळी अनेकांना अनाकलनीय वाटला. क्वालिसने मोकळी केलेली जागा जनरल मोटर्सच्या शेव्हर्ले तवेराने पटकन व्यापली. पुढे २०१३ मध्ये उत्सर्जन आणि तपासणीतील दोषांमुळे एक लाखाहून अधिक तवेरा परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ अखेर जनरल मोटर्सने भारतातील विक्रीच थांबवली. कर्ज काढून गाडी घेतलेल्या मालकाच्या दृष्टीने कंपनी टिकणे हा गाडीचाच एक भाग असतो. तवेरावाल्यांना हे महागात शिकावे लागले.

इनोव्हाच्या आकर्षणाचे मर्म इथे आहे. मारुती ही १९८३ नंतर असंख्य भारतीय कुटुंबांची पहिली स्वतःची गाडी ठरली. टोयोटाशी बहुतेकांची ओळख झाली ती भाडे मोजून. विवाहाच्या वऱ्हाडात, तीर्थयात्रेत, विमानतळाच्या वाटेवर मागच्या आसनावर बसून लोकांनी ही गाडी अनुभवली. लाखभर किलोमीटर धावलेली टॅक्सी आतून खुळखुळत नाही, घाटात गरम होत नाही, रात्री बंद पडत नाही, हे त्यांनी जाहिरातीत वाचले नाही, स्वतः पाहिले. पुढे ऐपत झाली तेव्हा त्यांतील अनेकांनी तीच गाडी घरी आणली. आमदार, कंत्राटदार, डॉक्टर आणि टॅक्सीचालक एकाच प्रतिरूपाची गाडी वापरतात आणि कोणालाच त्यात कमीपणा वाटत नाही, असे उदाहरण भारतीय बाजारात दुर्मीळ आहे.

हे टोयोटाच्या प्रत्येक गाडीला साधले नाही. २०१० मध्ये खास भारतासाठी घडवलेली इटिऑस यांत्रिकदृष्ट्या तितकीच विश्वासार्ह होती. तिच्यावर टॅक्सीचा शिक्का बसला तेव्हा मात्र खासगी ग्राहक दुरावला आणि २०२० मध्ये ती बंद पडली. मध्यमवर्गीय ग्राहकाला लहान गाडीत प्रतिष्ठा हवी होती. इटिऑसच्या साध्या अंतरंगात ती त्याला दिसली नाही. मोठ्या गाडीत मात्र आकारच प्रतिष्ठेचे काम करतो. म्हणजे विश्वासार्हता एकटी पुरत नाही, हे टोयोटालाही इथेच कळले.

चालक-मालकाचा हिशेब याहून रोकडा असतो. तामिळनाडूत बाहेरगावच्या भाड्यात दर दिवसाचे किमान किलोमीटर, चालकाचा ‘बाटा’ म्हणजे दैनिक भत्ता आणि पथकर असे घटक धरले जातात. गाडी उभी राहिली तर भाडे बुडते, हप्ता मात्र चुकत नाही. म्हणून त्याच्या लेखी चांगली गाडी म्हणजे दुरुस्तीसाठी कमीत कमी दिवस उभी राहणारी गाडी. इनोव्हाचे इंजिन आणि सांगाडा कंपनीने वर्षानुवर्षे फारसे बदलले नाहीत. परिणामी सुटे भाग लहान शहरांतही मिळतात आणि गावच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला ती तोंडपाठ झाली. शेवटी जुन्या गाडीला मिळणारी किंमत. हप्ते फिटल्यावर गाडी विकून जी रक्कम हाती येते, ती पुढच्या गाडीची सुरुवातीची रक्कम असते. या साखळीतली एक कडी तुटली की व्यवसाय थांबतो. टोयोटाच्या अभियंत्यांवर नावीन्याच्या अभावाची टीका होत असते. तंजावूरच्या वाहनतळावर तोच गुण ठरतो.

या लौकिकाला तडेही गेले आहेत. २००९-१०मध्ये अनपेक्षित वेगवाढीच्या तक्रारींमुळे टोयोटाला जगभरात लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि अध्यक्ष अकिओ तोयोदा यांना अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे उभे राहावे लागले. भारताला थेट झळ बसली ती जानेवारी २०२४ मध्ये. डिझेल इंजिनांच्या अश्वशक्ती-चाचण्यांतील अनियमितता उघड झाल्याने इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स यांची रवानगी काही दिवस थांबवण्यात आली. अनियमितता आढळली ती टोयोटा इंडस्ट्रीजमध्ये, म्हणजे जिच्या पोटातून मोटार विभाग जन्मला त्या मूळ मागाच्या कंपनीत. धागा तुटताच थांबणाऱ्या यंत्राचा वारसा सांगणाऱ्या घराण्यात दोष पुढे सरकत राहिला, यापेक्षा बोचरे ते काय! गाड्यांच्या सुरक्षिततेवर किंवा उत्सर्जनावर परिणाम नसल्याचा कंपनीचा खुलासा होता आणि भारतीय ग्राहकाने तो फारशी खळखळ न करता स्वीकारला. साठवलेल्या विश्वासावर कंपनीने त्यावेळी उचल घेतली, असे म्हणता येईल.

खरी कसोटी धोरणांची आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व राजधानी परिसरात दोन हजार घनसेंटिमीटरहून मोठ्या डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर बंदी घातली, तेव्हा तिचा मोठा फटका इनोव्हाला बसला. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का हरित शुल्क लावून बंदी उठली. परंतु डिझेलवरची विसंबणूक धोक्याची आहे, हे कंपनीने तेव्हाच ओळखलेले दिसते. २०२२ च्या अखेरीस आलेल्या इनोव्हा हायक्रॉसमध्ये डिझेल इंजिन नाही आणि स्वतंत्र सांगाडाही नाही. ती पेट्रोलवर किंवा पेट्रोल-हायब्रिडवर चालते. घरगुती ग्राहकासाठी ती अधिक शांत, अधिक ऐसपैस आणि इंधनात काटकसरी आहे. भाडेव्यवसायाने मात्र जुन्या क्रिस्टाचाच आग्रह धरला. मध्यंतरी नोंदणी थांबवलेली डिझेल क्रिस्टा कंपनीने २०२३ मध्ये परत आणली, ती केवळ हाती बदलायच्या गिअरसह. हा आग्रह किती प्रबळ होता, हे त्यातून दिसते.

करबदलाने थोडा दिलासा दिला. मोठ्या बहुउपयोगी गाड्यांवर वस्तू व सेवा कर आणि उपकर मिळून ५० टक्क्यांपर्यंत आकारणी होत होती; ती २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाली. तरी डिझेल क्रिस्टाची किंमत अठरा-वीस लाखांच्या घरातच आहे आणि त्यावर विमा व नोंदणी वेगळी. त्यामुळे एकच गाडी असलेला चालक-मालक मारुती अर्टिगाकडे वळतो. टोयोटाकडे त्यालाही उत्तर आहे. सुझुकीशी झालेल्या सहकार्यातून २०२३ मध्ये आलेली रुमिऑन ही मूळची अर्टिगाच आहे, बोधचिन्ह तेवढे टोयोटाचे. २०१९ ची ग्लान्झाही तशीच मारुती बलेनोवर बेतलेली. उलट बिडदीतील हायक्रॉस ‘इन्व्हिक्टो’ नावाने मारुतीच्या दालनात जाते.

व्यापाराच्या दृष्टीने हा सौदा चोख आहे. २०२४-२५ मध्ये टोयोटा किर्लोस्करची विक्री सव्वातीन लाखांच्या पुढे गेली आणि त्यात सुझुकीच्या घडणीतील गाड्यांचा वाटा मोठा होता. मात्र नाममुद्रेचे भांडवल ज्या दणकट सांगाड्यावर आणि न थकणाऱ्या डिझेलवर उभे राहिले, ते दोन्ही ज्या गाडीत नाहीत तिच्यावरही तोच लौकिक विकला जात आहे. सुझुकीची गाडी कमअस्सल आहे असा याचा अर्थ नाही. ग्राहक बोधचिन्हाला जी जादा किंमत देतो, ती पुढे कशाबद्दल देणार, एवढाच मुद्दा आहे.

महाराष्ट्राचा संबंध इथे थेट येतो. ३१ जुलै २०२४ रोजी राज्य सरकार आणि टोयोटा किर्लोस्कर यांच्यात छत्रपती संभाजीनगरमधील प्रकल्पासाठी सामंजस्य करार झाला. सुमारे २० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक आणि हायब्रिड व विद्युत वाहनांचे उत्पादन असे त्याचे स्वरूप सांगण्यात आले. पुण्याच्या पट्ट्याबाहेर, मराठवाड्याच्या वेशीवर एवढा मोठा मोटारप्रकल्प येणे राज्यासाठी महत्त्वाचे आहे. तेथील दुचाकी व सुट्या भागांच्या लघुउद्योगांना त्यातून वरच्या दर्जाचे काम मिळू शकते. ते किती मिळेल, हे स्थानिक पुरवठादारांना जपानी तपासणीच्या कसोटीला उतरवण्यासाठी सरकार आणि कंपनी किती वर्षे आधी तयारी करून घेतात, यावर ठरेल. बिडदीभोवतीचे पुरवठादारही एका रात्रीत उभे राहिलेले नाहीत.

मात्र घोषणेच्या स्वरूपाकडे पाहता तिथून बाहेर पडणारी गाडी डिझेलची असण्याची शक्यता कमी दिसते. दिवसाला तीनशे किलोमीटर धावणाऱ्या चालकासाठी हायब्रिडचे गणित इंधनाच्या बचतीमुळे जुळूही शकते. पण बॅटरीची दीर्घकालीन किंमत, गावच्या गॅरेजमध्ये तिची दुरुस्ती आणि सात-आठ वर्षांनी मिळणारी पुनर्विक्रीची रक्कम या तीन गोष्टी अजून त्याच्या अनुभवात उतरलेल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी याच राजवाड्यातून सरफोजीराजांनी परदेशी मुद्रणयंत्रावर मराठी पुस्तके छापवून घेतली. परदेशी यंत्राचे इथे कोणालाच वावडे नाही. तूर्तास वाहनतळावरील चालक जुनी क्रिस्टा आणखी एक पर्यटन-हंगाम चालवण्याचा विचार करतात. डिसेंबर-जानेवारीची गर्दी ओसरली की पुढच्या गाडीच्या कर्जाची चौकशी सुरू होते.